‘मला काही नाही झालं!’

गाडीवरून पडल्यावर कपडे झटकत आपण सगळे हेच म्हणतो. मेंदूला मार बसलेला माणूसही हेच म्हणतो. आणि मग त्याच वाक्याखाली कुणीतरी त्याची सही घेतं.

तुम्ही कधी ना कधी पडला असालच. पहिल्या पावसात रस्ता बुळबुळीत होतो तेव्हा, नाहीतर खडी सांडलेल्या वळणावर. पडल्यावर आधी काय बघतो आपण? कुणी पाहिलं का, ते. मग गाडीचा आरसा, मग मोबाइलची स्क्रीन, मग गुडघा. आणि धावत आलेल्या काकांना सांगतो, ‘काही नाही काका, मला काही नाही झालं.’ या यादीत डोकं कुठे आहे? नाहीचे.

माझा रूममेट असाच पडला. २०२३ चा पावसाळा, पुण्यात नवले पुलाच्या अलीकडे, रात्री साडेदहाची वेळ. गाडी आमच्या वर्गातल्या एकाची, हा मागे बसलेला. टेम्पोनं कट मारला, हँडलला घासला आणि दोघंही आडवे. चालवणाऱ्याचं मनगट मोडलं, त्यामुळे सगळं लक्ष त्याच्याकडे गेलं. माझा रूममेट डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला होता. मिनिटभर डोळे मिटून पडला आणि मग उठून उभा राहिला. दोघांत हेल्मेट एकच होतं आणि ते आरशाला लटकत होतं. (हसू नका. तुमचं आत्ता कुठे आहे?)

सीटी स्कॅन झाला, नॉर्मल आला. कानामागे चार टाके पडले आणि सकाळी डिस्चार्ज मिळाला. दुपारी चौकीत गावाहून आलेले त्याचे बाबा, टेम्पोचा ड्रायव्हर, मालक आणि अशा वेळी कुठून तरी उगवतोच तो मध्यस्थ. ‘साहेब, गरीब माणूस आहे’, ‘पोराचं शिक्षण चालू आहे, कोर्टकचेरी कशाला’. पंधरा हजार रुपये ठरले. ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून झालं. रूममेटनंही सही केली, कारण त्याला खरंच काही झालेलं नव्हतं. म्हणजे तसं त्याला वाटत होतं, डॉक्टरांना वाटत होतं आणि मलाही. थोडक्यात निभावलं म्हणून आम्ही रात्री बिर्याणी मागवली.

तीन आठवड्यांनी मी क्लासवरून आलो तर जिन्यातच करपल्याचा वास. रूममध्ये धूर भरलेला, पातेल्यातलं दूध कोळसा झालेलं. आणि शेगडीपासून चार फुटांवर हा पुस्तक उघडून बसलाय. मी ओरडलो तर म्हणाला, ‘अरे, कळलंच नाही.’ अभ्यासात बुडालाय असं समजून मी दिवसभर त्याची खेचली.

त्याला वास येत नव्हता, हे आम्हाला कळायला पुढे चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत बाकीही बरंच झालं. ट्यूबलाइट डोळ्यांना खुपायला लागली. एक पान वाचायला अर्धा तास लागायचा आणि शेवटी आलं की सुरुवात पुसलेली. मेसचे पैसे तो दोनदा भरून आला. आवाज न चढवणारा मुलगा चमच्यावरून भांडायला लागला. सेमिस्टरला चार विषय राहिले. आमच्या ग्रुपचं निदान तयार होतं: आळशी झालाय, माज आलाय, नाहीतर प्रेमात पडलाय. घरच्यांचं निदान होतं मोबाइल. शेवटी त्याच्या मावशीनं हट्टानं न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. तिथे पहिला प्रश्न आला, ‘डोक्याला कधी मार लागला होता का?’

दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं

मेंदू कवटीत दगडासारखा बसवलेला नसतो. मऊ असतो आणि द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात आपटून थांबतं तेव्हा मेंदू आत हलतच राहतो, ताणला जातो, पिळला जातो. त्यात मज्जातंतूंचे बारीक धागे दुखावतात. सीटी स्कॅन हाड मोडलं का, रक्त साचलंय का हे उत्तम दाखवतो, आणि जीव वाचवायला आधी तेच बघायचं असतं. पण हे ताणलेले धागे त्यात बरेचदा दिसत नाहीत. म्हणून ‘सीटी नॉर्मल’ याचा अर्थ ‘आत्ता ऑपरेशनची गरज नाही’ इतकाच घ्यायचा. मेंदूला काही झालं नाही, असा नाही.

वासाचं तर गणितच वेगळं. वास नेणाऱ्या नाजूक तंतू नाकाच्या वर, हाडाच्या चाळणीसारख्या भोकांतून मेंदूत जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू पुढे-मागे सरकतो आणि ते तंतू तिथल्या तिथे तुटू शकतात. मार मागे, नुकसान पुढे.

डिस्चार्ज कार्डावर ‘माइल्ड हेड इंज्युरी’ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या ‘माइल्ड’ शब्दानं फार घोळ घातलाय. हा शब्द येतो ग्लासगो कोमा स्केलवरून. १९७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ती पद्धत मांडली. पेशंट डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर ३ ते १५ गुण. १३ ते १५ मिळाले की माइल्ड. म्हणजे पेशंट त्या घटकेला किती शुद्धीवर आहे याचा हा आकडा. सहा महिन्यांनी त्याला थर्मोडायनॅमिक्स झेपेल का, हे तो सांगत नाही. बहुतेकांचा त्रास काही दिवसांत, आठवड्यांत ओसरतो, हेही खरंच. काहींचा ओसरत नाही, आणि ते चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत.

याहून भीतीदायक एक प्रकार आहे. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्तवाहिनी फुटते, पण रक्त साचायला वेळ लागतो. तेवढा वेळ माणूस चालतो, बोलतो, जोक मारतो. ‘पेरेंट ट्रॅप’मधली आई आठवते? ती अभिनेत्री नताशा रिचर्डसन. मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडली, उठली, ठीक आहे म्हणाली आणि आलेली अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठवली. दोन दिवसांत ती गेली. त्यामुळे डोक्यावर पडलेल्या मित्राला त्या रात्री एकटं झोपवू नका. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, जागं करूनही नीट जागा होईना, बोलणं अडखळलं, एक बाहुली मोठी दिसली, झटका आला, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता १०८. आणि मदत करायला पोलिसांच्या भीतीनं कचरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

पंधरा हजार कुणाचे?

आता त्या चौकीतल्या कागदाकडे येऊ. ‘गरीब ड्रायव्हर’ हा मुद्दा आपल्याला लगेच पटतो, आणि तो खोटाही नसतो. पण भरपाई बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या खिशातून जातच नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो त्याचसाठी. टेम्पोच्या चुकीनं तुम्हाला इजा झाली तर पैसे टेम्पोच्या विमा कंपनीनं द्यायचे असतात. चौकीत मांडवली करून आपण ड्रायव्हरवर दया करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात वाचते ती विमा कंपनी. आणि तो ड्रायव्हर उलट स्वतःच्या खिशातून पंधरा हजार घालवतो.

भरपाईसाठी जायचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, वकिलांच्या भाषेत ‘मॅक्ट’. ते जिल्हा कोर्टातच असतं. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही दावा लावता येतो. म्हणजे अपघात पुण्यात आणि घर लातूरला, तर लातूरलाही चालतं. घरच्यांना हे माहीत नसतं आणि ‘पुण्याला कोण हेलपाटे घालणार’ म्हणून विषय संपतो.

तुम्ही म्हणाल, मी कमावतच नाही, तर माझं नुकसान कसलं? कोर्ट असा विचार करत नाही. विद्यार्थ्याचं अंदाजे उत्पन्न धरलं जातं. समजा महिना १५ हजार धरले. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पगारी कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या प्रगतीचे ४० टक्के मिळवतात, आणि इजेच्या दाव्यांतही ते धरलं जातं. म्हणजे २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. त्याला वयानुसार गुणक लावायचा, जो २००९ च्या निकालानं ठरवून दिलाय. १५ ते २५ वयाला तो १८ आहे. झाले ४५ लाख ३६ हजार. आता मेंदूच्या इजेनं कमावण्याची क्षमता ३० टक्के घटली असं सिद्ध झालं तर १३ लाख ६० हजार ८००. यात उपचारांचा खर्च, वेदना, हुकलेली वर्षं हे वेगळं धरायचं आहे. १५ हजार हा आकडा मी फक्त उदाहरणाला घेतला. गंमत अशी की माझ्या रूममेटला चौकीत मिळालेही तेवढेच, फक्त एकदा.

त्या ३० टक्क्यांवरच सगळा खेळ आहे. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं छान समजावलंय: डावा हात गेला तर वैद्यकीय अपंगत्व सुताराचं आणि कारकुनाचं सारखंच, पण सुताराची कमाई जवळपास संपते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून शरीराचं किती टक्के गेलं यापेक्षा कामाचं किती गेलं हे बघायचं. मेंदूच्या इजेला हे तंतोतंत लागू पडतं. हातपाय शाबूत, चेहरा तसाच, पण लक्ष पाच मिनिटांवर टिकत नाही. अशा मुलाच्या इंजिनीअरिंगचं काय? फक्त हे कोर्टाला कागदावर दिसायला हवं. त्यासाठी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग यांच्या चाचण्या करून घ्यायच्या असतात. जवळ सोय नसेल तर न्यूरोलॉजिस्टकडूनच चिठ्ठी घ्या आणि मोठ्या सरकारी हॉस्पिटलात विचारा.

कोर्ट किती दूरचं बघू शकतं याचं एक उदाहरण. हरियाणातली १२ वर्षांची मुलगी ऑक्टोबर २००७ मध्ये आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात होती. ट्रकनं धडक दिली. मेंदूला इतकी इजा झाली की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली. न्यायाधिकरणानं सुमारे ११ लाख दिले, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं ते जवळपास २६ लाख केले. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६२ लाख २७ हजार दिले. का वाढले? कारण कोर्टानं तिच्या सांभाळाचा हिशेब मांडला. चोवीस तास बघायला एक माणूस पुरणार नाही, दोन लागतील, आणि तेही आयुष्यभर. त्यासाठीच २१ लाखांहून जास्त धरले. आई फुकटात करेलच, असं कोर्टानं धरलं नाही. मला त्या निकालातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पण तारखा पुन्हा बघा. २००७ ते २०२०.

घड्याळ कुणासाठी थांबत नाही

माझ्या रूममेटचं निदान झालं पाचव्या महिन्यात. चाचण्यांचे रिपोर्ट हातात आले सातव्यात. तेव्हा कुठे त्याच्या चुलतभावानं वकिलाला फोन लावला आणि वकिलांनी सांगितलं, उशीर झालाय.

कारण असं की १९९४ च्या दुरुस्तीनं अशा दाव्यांची मुदतच काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आणली आणि एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली: अपघातापासून सहा महिने. मोडलेल्या पायाला सहा महिने पुरतात. पाय मोडला हे पहिल्याच दिवशी कळतं. पण जी इजा स्वतःचं नाव सांगायलाच पाच महिने घेते, तिचं काय? हा नियम करताना डोक्यावर पडलेल्या माणसाचा विचार कुणी केला होता, असं मला तरी वाटत नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिला की सुनावणी चालू असेपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून असे दावे फेटाळू नका. दिलासा आहे, पण अंतरिम आहे. त्यावर विसंबू नका, सहा महिनेच धरून चाला.

आणि मुदतीपेक्षाही मोठी अडचण असते पुराव्याची. एफआयआर नसेल तर अपघात झाला हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून मित्र पडला तर त्याला हॉस्पिटलात नेणाऱ्यांपैकी एकानं, अगदी रुक्षपणे, काही गोष्टी करायच्या. समोरच्या गाडीचा नंबर दिसेल असा फोटो. डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की अपघात आहे आणि मित्र इतका वेळ बेशुद्ध होता, म्हणजे ते केसपेपरवर येतं. डोक्याला मार आहे हे पोलिसांच्या जबाबात यायला हवं. त्यानंतर पुढचे काही महिने तारीख टाकून टिपणं: आज डोकं दुखलं, आज लेक्चर अर्धवट सोडलं. आताच्या भारतीय न्याय संहितेत पंधरा दिवस नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत तर तीसुद्धा गंभीर दुखापत धरतात, आणि गंभीर दुखापत असेल तर कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करताही अडीच लाख मिळू शकतात. उडवून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून ५० हजार, त्यासाठी अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर कुणी कार्ड देऊन ‘तीस टक्के आमचे, बाकी तुमचे’ म्हणाला तर कार्ड घ्या आणि विसरा. निकालातल्या टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो.

अजून एक, मागच्या सीटवरच्यांसाठी. मित्राची गाडी नुसतीच घसरली, दुसरी गाडी नव्हतीच, आणि त्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे, तर मागे बसलेल्याला विमा कंपनी सहसा काही देणं लागत नाही. फुल पॉलिसी असेल तर लागते. बसण्यापूर्वी पॉलिसी कोण विचारतं, म्हणा. निदान हेल्मेट तरी मागा. कलम १२९ दोघांनाही लागू आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घालता गेलेले ५०,०२९ जण होते, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. हेल्मेट नव्हतं म्हणून दावाच बाद होतो असं नाही. २०२० मध्ये ट्रिपल सीटच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की मोडलेला नियम आणि अपघात किंवा इजा यांचा संबंध दाखवावा लागतो. पण डोक्याच्या इजेत तो संबंध दाखवायला विमा कंपनीच्या वकिलाला फार कष्ट पडणार नाहीत.

रूममेटनं डिग्री पूर्ण केली, दीड वर्ष उशिरानं. डोकेदुखी कमी झालीये. वास काही परत आला नाही. खोलीत गॅस सुटला तर कळावं म्हणून त्यानं अलार्म बसवलाय. नोव्हेंबरच्या आदेशानंतर वकिलांनी दावा लावायचं ठरवलं आणि आम्हाला सांगितलं, अपघातानंतरचं जे काही तारखेसकट सापडेल ते शोधा. चौकीतला कागद होता, डिस्चार्ज कार्ड होतं. मी मोबाइल उघडला आणि रूमच्या ग्रुपवर मागे मागे गेलो. करपलेल्या पातेल्याचा फोटो सापडला, तारीख-वेळेसकट. वकील म्हणाले, याची प्रिंट काढा, खालच्या मेसेजसकट. खाली मी तेव्हा लिहिलं होतं, ‘साहेबांनी नाक कुठे गहाण ठेवलंय?’ आणि त्याच्यावर अकरा जणांच्या हसऱ्या स्मायली.